शेऱ्याचा रकाना

रविवारी दुपारी सव्वाचारला फोन वाजला, तेव्हा उपसंपादिका पंखा, खुर्ची आणि एकूणच नशीब या तिघांवर वैतागून बसली होती.

“‘अडचण आल्यास’ असं लिहून खाली हा नंबर दिलाय,” पलीकडून एक पुरुषी आवाज म्हणाला. “मला अडचण आलीये.”

“हा क्रीडा विभाग आहे. अडचण विभाग नाही.”

“मग बरोबर. अडचण खेळातलीच आहे. मी क्लबच्या क्रिकेट सामन्यांचा स्कोअरर बोलतोय. तुमचा तो ऑनलाइन फॉर्म माझा शेराच पूर्ण घेत नाही हो. दोनशे अक्षरं झाली की तोंड मिटून घेतो.”

तिनं डोळे मिटले. नऊ वर्षं स्थानिक खेळांचं पान तिनं स्वतः लिहिलं होतं. सहा महिन्यांपूर्वी कार्यालयात एक सॉफ्टवेअर आलं. क्लबांनी फॉर्ममध्ये धावा-बळी भरायचे आणि सॉफ्टवेअरनं चार सेकंदांत बातमी लिहायची! विभागात सगळे त्याला ‘जावई’ म्हणत. तो आल्यापासून घरच्या माणसांना कोणी विचारत नव्हतं, त्याचं कौतुक सरत नव्हतं, आणि त्यानं काही सांडलं की पुसायला मात्र हीच. दर रविवारी त्याच्या एकशेवीस बातम्या तपासायच्या. वर संपादकांची तंबी होतीच — हंगाम संपेपर्यंत वाचक वाढले नाहीत तर पान बंद, आणि मॅडम छोट्या जाहिरातींत.

“शेरा ऐच्छिक आहे,” ती दातओठ खात म्हणाली. “रिकामा सोडा.”

“रिकामा कसा सोडू? आज अकरा मिनिटं खेळ थांबला. चेंडू हरवला. दोन्ही संघ गुडघ्यांवर बसून गवत चाचपत होते. शेवटी कुठे सापडला, सांगू?”

“नको.”

“पंचांच्या खिशात.”

तिनं ओठ घट्ट दाबले... पण उशीर झाला होता.

“हसलात तुम्ही.”

“खोकले.”

“छान खोकता,” तो म्हणाला, आणि तिनं फोन आपटला.

पुढच्या रविवारी सव्वाचारला पुन्हा तोच. त्याच्या पुढच्याही. ती रागवायची, तो सांगत राहायचा — कुठल्या फलंदाजाचा बूट फाटला, कुणाची बायको सीमारेषेवरून ओरडली. यातलं एक अक्षरही जावई लिहीत नसे. आणि एका रविवारी चार वाजून वीस मिनिटं झाली तरी फोन आला नाही, तेव्हा आपण दर मिनिटाला घड्याळ बघतोय हे तिच्या लक्षात आलं. ती स्वतःवरच प्रचंड चिडली.

मग ते उन्हाचं प्रकरण झालं. स्कोअररनं शेऱ्यात साधंच लिहिलं होतं, की कलतं ऊन फलंदाजांच्या डोळ्यांत जात होतं. जावयानं लिहिलं, ‘कलत्या उन्हाने भेदक मारा करत तीन बळी टिपले.’ एकशेवीस बातम्यांत ती ओळ तिच्या नजरेतून सुटली आणि छापून आली. “हे ऊन कोणत्या क्लबकडून खेळतं?” असं संपादकांनी सगळ्यांसमोर विचारलं.

“चूक तुमची नाही,” स्कोअरर फोनवर म्हणाला. “तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. परवा तुम्ही मला सदतीसच्या जागी सत्त्याऐंशी वाचून दाखवलंत. मी आठवडाभर चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो, मला कळतं. या एकदा.”

नाइलाज म्हणून ती गेली. निदान तिनं स्वतःला तसं बजावलं.

दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत त्यानं तिच्या नाकावर ती जड, गोल फ्रेम चढवली आणि एकेक भिंग आत सरकवायला लागला. टक्... टक्...

“पहिलं बरं की दुसरं?”

“सारखंच.”

“नीट बघा. पहिलं... की दुसरं?”

“सारखंच दिसतंय हो! तुम्ही भिंग बदलताय तरी का?”

“नाही,” तो शांतपणे म्हणाला. “मघापासून तेच आहे. तुम्ही खरं बोलता का, ते बघत होतो.”

ती उठणारच होती. तेवढ्यात त्यानं पुढचं भिंग टाकलं आणि समोरचा धूसर चेहरा एकदम लख्ख झाला. कानामागे पेन्सिल. बोटांच्या टोकांवर शिशाचा काळसरपणा. आणि डोळे — कुणीतरी आपली इतकी वाट पाहिली असेल, असं तिला वाटलंच नव्हतं.

“आता स्पष्ट?”

“...हो,” ती म्हणाली, आणि उगाचच अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिली.

चष्मा तिनं बुधवारी नेला, नेमका तो जेवायला गेला असताना. मुद्दाम नाही, योगायोग! त्या योगायोगासाठी तिला समोरच्या फुटपाथवर वीस मिनिटं उभं राहावं लागलं, ही गोष्ट वेगळी. त्याच्यासमोर पुन्हा बसायचं तिला धैर्यच होत नव्हतं.

त्या रविवारी संपादकांनी अख्ख्या विभागाला प्रशिक्षणाला बसवलं. विषय होता, वाचकाला खिळवून कसं ठेवावं. दाराशीच सगळ्यांचे फोन टोपलीत काढून घेतले. “आणि बातम्या कोण तपासणार?” तिनं विचारलं. “एक दिवस घराचा कारभार जावयावर सोडू,” संपादक म्हणाले आणि स्वतःच हसले.

सव्वाचारला स्कोअररनं फोन केला. साडेचारला केला. पाचला केला. शेवटी, शेरा वाचणारं जगात एकच माणूस आहे या विश्वासानं त्यानं मनातलं होतं ते त्या रकान्यात लिहून टाकलं. सहा वाजता वर्तमानपत्राच्या साइटवर बातमी झळकली:

‘यजमान संघाने सात गडी राखून विजय मिळवला. उल्लेखनीय बाब म्हणजे, उपसंपादिकेने फोन न उचलल्यामुळे स्कोअरर दोन चौकार लिहायला विसरले. कारकिर्दीत त्यांच्याकडून असे प्रथमच घडले. नव्या चष्म्यात त्या कशा दिसतात, हे पाहण्यास ते उत्सुक असल्याचे सूत्रांकडून समजते.’

सकाळपर्यंत दोन लाख लोकांनी ती वाचली.

आईचा फोन सात वाजता आला. “स्कोअरर म्हणजे पगारी असतात का गं?” आईनं एवढंच विचारलं.

कार्यालयात संपादक दारातच उभे होते, हातात चक्क दोन चहा. “सहा महिने जे जमलं नाही, ते जावयानं एका दिवसात केलं! पान वाचलं समजा. फक्त पुढच्या रविवारी शेऱ्यात प्रेमाची कबुली आली पाहिजे. तुम्ही दोघं बसून नीट ठरवा. त्याच्या पुढच्या रविवारी थोडं भांडण ठेवू.”

आठवडाभर ती कुणाशी धड बोलली नाही. स्कोअररचे अकरा फोन तिनं कापले. नऊ वर्षं तिनं गावभरच्या खेळाडूंच्या बातम्या केल्या. आता तिच्याच काळजाची बातमी झाली होती, तीही तिला न विचारता. आणि नाही म्हणावं तर पान जाणार होतं.

रविवारी ती तडक मैदानावर गेली. पावसाची बारीक बुरबुर होती, तरी खेळ चालू होता. धावफलकाच्या पत्र्याखाली स्कोअरर वही मांडून बसला होता. तिला बघून तो इतका गडबडून उठला, की पेन्सिल कानामागून खाली पडली.

“चष्मा... छान दिसतो.”

“चष्मा मरू दे! तुम्हाला काही कळतं की नाही? शेऱ्यात कुणी असलं लिहितं?”

“तुमच्याशिवाय कुणी वाचत नाही, असं वाटलं होतं.” त्यानं खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. “तुमच्या संपादकांनी फोन केला होता. तुमचं पान वाचणार असेल तर... लिहून आणलंय. बरोबर दोनशे अक्षरं.”

तिनं वाचलं. सुंदर लिहिलं होतं, हीच तर पंचाईत! त्यामुळे ती जास्तच भडकली.

“हे कुणाला सांगायचंय? मला, की दोन लाख लोकांना?”

“तुम्हाला. ते मधेच घुसले.”

“मग मला सांगा ना! मी समोर उभी आहे. रकाना आहे का मी?”

तो एकेक शब्द वेचत म्हणाला, “तुमचा आवाज ऐकला नाही... तर माझा रविवार संपतच नाही. सोमवारीसुद्धा रविवारच असतो.”

पत्र्यावर थेंब वाजत होते. तिनं कागदाची पुन्हा घडी घातली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली.

“आता माझं ऐका. आणि हे छापायचं नाही.”

“नाही छापणार.”

“मला तुम्ही आवडता. वैताग येईल इतके आवडता. झालं? आता दात काढू नका... आणि ते तिकडे बघा, पंच कधीचे हात हलवतायत!”

खरंच, मैदानाच्या मध्यावर पंच चौकाराची खूण करत ताटकळले होते. स्कोअररनं हात वर करून पोच दिल्याशिवाय पुढचा चेंडू टाकता येत नाही. दोन्ही संघ कमरेवर हात ठेवून पत्र्याकडे बघत होते. त्यानं घाईघाईनं एक हात वर केला. दुसरा तिच्या हातात होता, तो काही त्यानं सोडवला नाही.

“आणि पान?” त्यानं हळूच विचारलं.

“जाईल.” हे म्हणताना तिला वाईट वाटलंच. “छोट्या जाहिरातींत पहिली तुमच्या दुकानाची लावीन.”

सामना संपल्यावर तिनंच त्याच्या फोनवर फॉर्म भरला. धावा, बळी, षटकं. शेऱ्याच्या रकान्यात तिनं एकच शब्द लिहिला: निरंक. मग कार्यालयात जाऊन तपासायला बसली. संपादक मागे येऊन उभेच होते. चार सेकंदांत जावयानं बातमी समोर ठेवली:

‘पाहुण्या संघाचा नऊ धावांनी विजय. सामन्यादरम्यान उल्लेखनीय असे काहीही घडले नाही.’

“असं कसं?” संपादक ओरडले.

तिनं चष्मा नीट केला, ती ओळ दोनदा वाचली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच जावयाची चूक दिसत असूनही दुरुस्त न करता पान सोडलं.