चिंचपेटीचं पाणी

बदलापूरला शिरगावात राहणाऱ्या वृंदाताईंचं मोत्यांबद्दल एक ठाम मत होतं, आणि दारात आलेल्या प्रत्येकाला, त्याने विचारलेलं असो नसो, त्या ते ऐकवायच्या. सोनं कपाटात ठेवा, हिरे लॉकरात कोंडा, पण मोत्याला माणसाचं अंग लागतं. अंगावर राहिला तर त्याचं पाणी टिकतं, नाहीतर मोती मरतो. पंधरा वर्षं त्या घरच्या घरी मोत्यांचे दागिने पुसून, नव्याने ओवून देत होत्या. कुणी टूथपेस्टने मोती घासून आणले की त्या बाईची अशी काही हजेरी घ्यायच्या की विचारू नका.

मार्चमधल्या एका सकाळी ऋता नावाची मुलगी आली. बारा दिवसांवर लग्न होतं तिचं. तिने पर्समधून एक करकचून बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत चिंचपेटी होती, गळ्यालगत गोंड्याने बांधायची मोत्यांची पट्टी. मोती खडूसारखे पांढरेफटक पडले होते. कॅम्प दोनच्या बाजारातल्या सराफाने ‘ये मोती मर गया, बेटा, नया ले लो’ म्हणून तिला सरळ परत पाठवलं होतं.

“मला लग्नात हीच घालायचीय, मावशी,” ऋता म्हणाली. “आईची आहे. दोन वर्षं झाली... आता आई कुठली घालायला!”

पोरीचे डोळे भरून आले. वृंदाताईंनी पुढे काही विचारलं नाही. अर्धं ऐकायचं आणि उरलेलं आपल्या मनाने रचायचं, ही त्यांची जुनी खोड. बिचारी आईवेगळी लेक, असं त्यांनी ठरवूनही टाकलं आणि काय वाट्टेल ते झालं तरी या मोत्यांना पाणी आणून देईन, असा शब्द दिला.

मग काम सुरू झालं. ओलसर मलमलने एकेक मोती पुसला, सावलीत सुकवला, कुजका दोरा काढून रेशमात ओवला. शेवटचा उपाय त्यांचा स्वतःचा होता आणि ऋताला तो सांगूनच ठेवला होता. अंघोळ करायची, पावडर नाही, अत्तर नाही, आणि दागिना दिवसभर स्वतःच्या गळ्यात वागवायचा. आठ दिवस.

पहिल्या दिवशी मोती गार होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आमटी ढवळत होत्या, तेव्हा पळी डाव्या हातात असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. हात बदलणार तोच त्या डाव्या हाताने डब्यातला गुळाचा भलामोठा खडा उचलून आमटीत टाकला. वृंदाताई सातारच्या. आमटीत गूळ म्हणजे त्यांना अन्नाचा अपमान वाटे. त्यांचे यजमान चिंतामणराव, अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे अलिबागकडचे. त्यांनी तीन वाट्या आमटी ओरपली आणि सत्तावीस वर्षांनी या घरात माझं ऐकलं गेलं म्हणाले. वृंदाताई हसल्या. हाताचं मात्र त्यांनी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी घरात जाईचा वास सुटला. फूल औषधालाही नव्हतं. चौथ्या दिवशी भर दुपारी त्या गॅलरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. ऊन लख्ख होतं, खाली भाजीवाला ओरडत होता. आणि गळ्याशी, मोत्यांच्या खाली, काहीतरी उडत होतं. नाडीच असेल म्हणून त्यांनी मनगट धरून बघितलं. मनगटातली नाडी वेगळी... गळ्यातली वेगळी. दोन ठोके... मग थांबायचं... पुन्हा दोन.

वृंदाताईंनी मानेमागच्या गोंड्याला हात घातला. चिंचपेटी ओरबाडून काढावी असंच वाटलं. पण त्यांना ऋताचे भरलेले डोळे आठवले.

“ऋताच्या आई... तुम्हीच ना?” त्या हळूच म्हणाल्या. “घाबरवू नका हो मला. लग्न बघायचंय ना पोरीचं? मग चला की. माझं आमंत्रण समजा. तिच्याजवळच राहा...”

गळ्यातले ठोके भराभर पडू लागले. लहान मुलीने आनंदाने धावत सुटावं तसे. वृंदाताईंना भरून आलं, आणि भीती अर्धी पळाली. पुढचे चार दिवस दोघींचं छान जमलं. पुरणपोळ्या झाल्या, चिंतामणरावांची चैन झाली, आणि मोत्यांवर रोज थोडं थोडं पाणी चढत गेलं. आठव्या दिवशी तर प्रत्येक मोत्यात गॅलरीची खिडकी दिसत होती. ऋताने त्यांना कडकडून मिठी मारली.

लग्न अंबरनाथच्या एका हॉलमध्ये होतं, सकाळच्या मुहूर्तावर. वृंदाताई जोडीने गेल्या. दारात एका जरीच्या साडीतल्या बाईंनी त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि आपण ऋताची आई असल्याचं सांगितलं.

वृंदाताईंनी तोंडाशी नेलेला पेढा तसाच खाली आणला. त्या बाईंच्या बोलण्यातून मग उलगडा झाला. धाकट्या दिरांचं ऐकून घरातली पोरंही या बाईंना वहिनीच म्हणायची. घरात ‘आई’ म्हणजे आजी, राजाबाई. दोन वर्षांपूर्वी यजमान गेले तेव्हा त्यांनी गळ्यातलं सगळं उतरवलं होतं. त्या काय, पहिल्या रांगेत बसल्यात, ब्याऐंशी वर्षांच्या आणि ठणठणीत.

म्हणजे मेलं कुणीच नव्हतं! वृंदाताईंना आपल्याच खुळेपणाचं हसू आवरेना. म्हातारीलाही गंमत वाटेल म्हणून शेजारी बसून त्यांनी सगळी कहाणी सांगितली. गुळाच्या आमटीला राजाबाई खुदकन हसल्या. डाव्या हाताशी आल्यावर त्यांचं हसू थांबलं.

“मी उजवी गं,” त्या हलकेच म्हणाल्या. “डावखुरी ती... यांची पहिली. वर्षाच्या आत गेली, आणि तिची चिंचपेटी माझ्या गळ्यात बांधली. साठ वर्षं तिला दाबून ठेवली मी. मान वर करू दिली नाही. हे गेले तेव्हा मुद्दाम प्लॅस्टिकमध्ये आवळून ठेवली... मरू दे म्हणून. मोती मेले म्हटल्यावर पोरीला घाल म्हटलं खुशाल.” त्यांनी वृंदाताईंचं मनगट घट्ट धरलं. “आणि तू तिला आमंत्रण दिलंस?... तिच्याजवळ राहा म्हणालीस?”

वृंदाताई उठून स्टेजकडे निघणार, एवढ्यात तिकडे बायकांनी नवरीला नाव घ्यायला लावलं. ऋताने आढेवेढे घेतले नाहीत. शेजारी नवरा, समीर, कौतुकाने बघत होता. तिने मोत्यांवरून बोटं फिरवली आणि माईक घेतला.

“चिंचपेटीच्या मोत्यांना पुन्हा आलं पाणी,
दिनानाथरावांची मी पहिली राणी!”

हॉलमध्ये एकच हशा पिकला. नवरी घाबरली आणि नवऱ्याच्या जागी स्वतःच्या आजोबांचंच नाव घेऊन बसली! वहिनी कपाळाला हात लावून हसत होत्या, समीर पोट धरून हसत होता, चिंतामणरावांनी तर टाळ्या वाजवल्या. राजाबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

ऋताही हसत होती. हसता हसता तिने पहिल्या रांगेकडे बघितलं, नेमकं राजाबाईंकडे, आणि माईकमध्येच मायेने म्हणाली,

“धाकटे, पोटभर जेवून जा हो.”