खुर्चीभोवतीची हवा

चौतीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. दरवर्षी नव्या वर्गाला एकच सांगायचो, "खुर्ची काढू नका. तिच्याभोवतीची मोकळी जागा काळी करा, खुर्ची आपोआप उरेल." घरी बायको म्हणायची, "मास्तर, हवा काढून झाली असेल तर चहा घ्या. आणि एकदा माझं चित्र काढा की." मी म्हणायचो, "काढू सावकाश. तू कुठे पळून चाललीस?"

मागच्या वर्षी ती गेली. घरात फोटो ढीगभर आहेत, पण फोटोत ती फोटोसारखी दिसते. आठवून काढायला बसलो तर कपाळापर्यंत जमायचं, पुढे हात अडायचा. चाळीस वर्षं समोर बसलेल्या माणसाचा चेहरा मला येईना, याची फार लाज वाटली.

म्हणून स्वतःवरच प्रयोग लावला. रोज सकाळी अकरा वाजता खिडकीजवळ तिची लाकडी खुर्ची, आठ फुटांवर मी. डोळे समोर, कागदाकडे अजिबात बघायचं नाही. जिथे काही नाही तेवढी जागा कोळशाने काळी करत जायची. खुर्ची नीट आली तर कधीतरी तीही येईल, अशी आपली एक वेडी आशा.

चौथ्या दिवशी खुर्चीच्या पाठीवर जास्तीचं पांढरं उरलं. म्हटलं, वय झालं. खात्रीसाठी खुर्चीच्या जागी बादली ठेवून काढली, ती कडीसकट अचूक आली. पुन्हा खुर्ची ठेवून काढली. आता त्या पांढऱ्याला खांदे होते, मानेवर बारीकसा अंबाडा होता. उठून खुर्चीवर हात फिरवला. रिकामीच होती.

रविवारी मुलगी आली. तिला यातलं काही सांगितलं नव्हतं. भिंतीला टेकवलेले कागद बघून ती दारातच थांबली.

"आईला काढलंत शेवटी."

"आईच कशावरून?"

"अशी एका बाजूला कलून तीच बसायची ना, बाबा. चेहरा का नाही काढला?"

"येत नाही मला."

ती निघताना म्हणाली, "चार दिवस माझ्याकडे चला." मी नाही म्हटलं. चित्र अर्धं टाकून कसा जाणार?

सोमवारी कोळशाला टोक केलं आणि समोर बघून मोठ्याने म्हणालो, "तिथून नाही दिसत गं. जरा जवळ ये."

त्या दिवशी कागदावरचं पांढरं उभं राहिलं होतं.

मंगळवारी ते एवढं वाढलं की मागची खिडकी झाकली गेली.

बुधवारी कागदाच्या दोन्ही कडांना बोटभर काळं उरलं.

आज अकराला बसलो. खुर्ची, खिडकी, पडदा, सगळं जागच्या जागी दिसत होतं. तासभर हात मोकळी जागा शोधत राहिला. मग खाली बघितलं. कागद कोरा होता. कोळशाचं टोक सकाळी केलं होतं तसंच होतं.

मला भीती वाटली, आणि रडूही आलं. इतक्या जवळून कोणाचाच चेहरा दिसत नाही.

"थोडी मागे हो," मी म्हणालो.

समोरचं सगळं धूसर झालं होतं. डोळे भरले असतील म्हणून चष्मा काढला. काचांवर वाफ धरली होती. आतून पुसली, जाईना.

बाहेरून पुसल्यावर गेली.