बाबांच्या नंबरचा कॅमेरा

"पीप-पीप."

तळ्यातल्या टिबुकलीने, बदकाहून लहान अशा त्या पाणपक्ष्याने, मान वळवून माझ्याकडे नापसंतीचा एक कटाक्ष टाकला आणि बुडी मारली. पाण्यावर एक वर्तुळ उरलं, तेही विरलं.

मी कॅमेरा मांडीवर ठेवला. ओल्या दगडावर बसून पायांना मुंग्या आल्या होत्या. आता त्या झटकायला हरकत नव्हती.

"सॉरी," डावीकडच्या झुडपातून आवाज आला. "तो आवाज बंद कुठे करायचा ते अजून सापडलेलं नाही."

"माहितीपुस्तिका असते. डब्यात, अगदी तळाशी."

"ती कोणी वाचतं?"

"वाचतात."

झुडूप हललं आणि त्यातून एक उंच माणूस ओणवा होऊन बाहेर आला. केसांत काटकी, गुडघ्यापर्यंत चिखल, गळ्यात एक गुटगुटीत कॅमेरा. त्याची लांबलचक नळी अजून पुढेच आलेली होती. मी बघतेय म्हटल्यावर त्याने बटण दाबलं. झ्यूंऽऽ करत ती आत गेली.

"एक सांगू? रागावू नका... ती माझ्या पीप-पीपने नाही बुडाली. त्याआधी तुमचा खटॅक झाला. केवढा तो आवाज! मला वाटलं, कोणी ट्रंक आपटली."

हे खरं होतं. म्हणून मला जास्तच राग आला.

खटॅक करणारा तो डीएसएलआर माझ्या बाबांचा. त्याच्या पोटात एक आरसा असतो. प्रत्येक फोटोला तो उचलला जातो आणि आपटतो. बाबा नोकरीभर नकाशे काढत होते, आणि निवृत्त झाल्यावर पाणपक्ष्यांच्या मागे लागले. मागच्या थंडीत ते गेले. त्यांच्या पक्षीमंडळाने या महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं होतं. भिंतीवरच्या सगळ्या चौकटी भरल्या होत्या, एक सोडून. पिल्लांना पाठीवर घेऊन पोहणारी टिबुकली बाबांना कधीच मिळाली नाही. दरवर्षी "पुढच्या वेळी" म्हणायचे.

मंडळाचे प्रमुख म्हणजे आमचे दुर्बीणकाका. त्यांना मी बजावलं होतं, ती चौकट रिकामी ठेवा, फोटो मी आणते. बाबांच्या कॅमेऱ्याने, बाबांच्या दगडावरून. आणि खाली नाव बाबांचंच घालायचं.

आणखी एक गोष्ट मी काकांनाही सांगितली नव्हती. फोटो काढताना बाबा चष्मा काढून खिशात ठेवायचे. डोळा लावायच्या खिडकीशेजारी एक बारीक चकती असते, ती त्यांनी आपल्या नंबरावर फिरवून ठेवली होती. माझी नजर चांगली आहे, त्यामुळे मला त्यातून सगळं जग दुधात बुडवल्यासारखं दिसे. फोटो मात्र नीट येत, कारण फोकस कॅमेरा स्वतः धरतो. चकती मी हलवली नव्हती. बाबांचे कपडे, चपला, औषधं, सगळं आवरून झालं होतं. ते जशी ठेवून गेले तशी राहिलेली ही एवढीच गोष्ट घरात होती.

दुसऱ्या दिवशी पीप-पीप पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही.

"तुम्हाला दुसरं तळं नाही का?" मी विचारलं.

"आहेत ना. पण तिथे भांडायला कोणी नसतं."

तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो, हे मला न विचारता कळलं. मी छापखान्यात मुद्रितं तपासते, हे त्याने विचारून काढून घेतलं.

"म्हणजे आपण दोघं सारखेच," तो म्हणाला. "तुम्ही लोकांच्या चुका बघता. मी, लोकांना काय दिसत नाही ते."

"मला तुम्ही स्पष्ट दिसता. तेच अवघड आहे."

तो एवढा हसला की पलीकडच्या काठावरचा बगळा उडाला.

त्याचा कॅमेरा नवा होता. ब्रिज कॅमेरा म्हणतात त्याला. लेन्स बदलायची नाही, झूम साठपट. कौतुक करायला लागला की थांबत नसे. "तुमचं ओझं बघा. एक बॅग, दोन लेन्सा, तिपाई. माझं सगळं या एकात. घरी बसून शेजारच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे मोजता येतात."

"तुम्ही मोजता?"

"नाही! म्हणजे... मोजता येतात, एवढंच म्हटलं."

त्याने पडद्यावर फोटो दाखवला. टिबुकलीच्या चोचीच्या मुळाशी असलेला पिवळा ठिपकासुद्धा दिसत होता. मग माझा बघितला. माझ्या फोटोत टिबुकली म्हणजे तांदळात राहिलेला खडा.

"पण तुमचा उजाडतानाचा फोटो बघा," मी म्हटलं. "वर वाळू पेरल्यासारखी दिसते."

"माझ्याकडे वाळूत का होईना, पक्षी आहे. तुमच्याकडे नुसतं स्वच्छ पाणी आहे."

यावर काय बोलायचं ते मला घरी पोचल्यावर सुचलं. अशा माणसांच्या बाबतीत नेहमी तसंच होतं.

तो थर्मासमध्ये चहा आणायचा आणि दुसरा कप विसरायचा. "झाकणातून प्या," म्हणायचा. झाकणाला सर्दीच्या औषधाचा वास येई. मी रोज कुरकुरत होते आणि रोज पीत होते.

प्रदर्शनाआधीच्या शुक्रवारी सकाळी पावसाची भुरभुर सुरू झाली. आम्ही दोघं पळत पंपघराच्या पत्र्याखाली गेलो. जागा एका माणसापुरती. त्याचा कोपर माझ्या कोपराला लागत होता आणि सरकायला कुठे जागा नव्हती... निदान मी शोधली नाही.

"अदलाबदल करायची?" तो म्हणाला. "पाच मिनिटं. तुम्ही माझा बघा, मी तुमचा."

मी का हो म्हटलं, ते त्या कोपरालाच ठाऊक.

त्याचा कॅमेरा हातात घेतला तर इतका हलका, की आत काही आहे की नाही अशी शंका यावी. खिडकीत डोळा लावला. तळ्याच्या पलीकडचं लव्हाळं एकदम नाकासमोर आलं, प्रत्येक पातीवर थेंब. छान होतं. ते मी अर्थातच बोलले नाही. एवढंच म्हटलं, "टीव्ही बघितल्यासारखं वाटतं."

"आणि तुमच्यातून खरं पाणी दिसतं," तो म्हणाला. त्याचा स्वर बदलला होता. "हे सुंदर आहे हो. फार सुंदर आहे."

त्याने कॅमेरा परत दिला. मी डोळा लावला.

पाणी लखलखीत दिसत होतं. पावसाचा एकेक थेंब पडताना दिसत होता. काठच्या दगडावरचं शेवाळ, त्यावरची गोगलगाय... सगळं स्वच्छ.

"काय केलंत तुम्ही?"

"काही नाही... चकती जरा फिरवली. किती चुकीच्या नंबरावर होती! इतके दिवस तुम्ही तशाच...? आधी सांगायचं नाही का? माझं तर कामच—"

"ती चुकीची नव्हती. बाबांची होती."

त्याचा चेहरा उतरला. तो मला बघवेना. मी कॅमेरा बॅगेत घातला आणि भुरभुरीत चालायला लागले. मागून त्याने "ऐका तरी" म्हटलेलं ऐकू आलं. मी ऐकलं नाही.

घरी आई भाजी निवडत होती. माझं तोंड बघून म्हणाली, "काय ग? काय झालं?"

"एक मूर्ख माणूस भेटला."

"रोजचाच?"

"रोजचाच."

"मग आज नवीन काय?"

मला तिच्यावरही चिडायचं होतं, पण मी तिच्याशेजारी फतकल मारून बसले. मग सगळं सांगितलं. चकती, बाबांचा नंबर, ती मी कशी जपली होती, आणि आता फोटो मिळाला तरी तो बाबांचा कसा राहणार नाही.

आईने शेंगेचा दोर ओढला, ताटात टाकला.

"त्यांचा नंबर ते जायच्या वर्षभर आधीच बदलला होता," ती म्हणाली. "नवा चष्मा केला नाही का आपण? चकतीचं मी दहादा सांगितलं. म्हणे, 'बघू, सावकाश बघू.' कंटाळा! अंदाजाने फोटो काढायचे आणि घरी येऊन मला विचारायचे, हे कोण आहे ग, बदक की पाणकोंबडी?"

"म्हणजे बाबांनाही...?"

"धूसरच दिसायचं. तू उगीच डोळे फोडून घेतलेस."

बाबांचा मला इतका राग आला, की ते गेल्यापासून पहिल्यांदाच ते अगदी शेजारच्या खोलीत असल्यासारखे वाटले. मी हसायला लागले. आईही हसली. मग आम्ही दोघींनी मिळून उरलेल्या शेंगा निवडल्या.

शनिवार हा शेवटचा दिवस होता. मी दगडावर पोचले तेव्हा तो आधीच उभा होता. केस विंचरलेले, चिखल नाही, हातात दोन कप.

"वजा बाजूला, शेवटून दुसरी रेघ," मी काही बोलायच्या आत तो म्हणाला. "चकती तिथे होती. माझी सवय आहे, आधी बघतो, मग फिरवतो. मी परत तशीच लावून देतो. केसाचाही फरक पडणार नाही. नंतर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल. म्हणजे... चालणार नाही. पण लावून देतो."

रात्री तो झोपला नव्हता, हे डोळे न तपासताही दिसत होतं.

"नको," मी म्हटलं.

"नको?"

मी त्याला आईचं बोलणं सांगितलं. बदक की पाणकोंबडी इथपर्यंत येईतो त्याने ओठ घट्ट मिटून धरले होते. माझ्या वडिलांना हसायचं की नाही, याचा त्याला निर्णय करता येत नव्हता.

"हसा," मी म्हटलं. "परवानगी आहे."

"शऽऽ..." त्याने एकदम माझा दंड धरला. "लव्हाळ्याच्या उजवीकडे."

टिबुकली बाहेर आली होती. संथ, आखूड, पाण्यावर ठेवलेल्या तपकिरी गोळ्यासारखी. तिच्या पाठीवरची पिसं जरा वर झाली आणि त्यातून एक पट्ट्यापट्ट्यांचं डोकं बाहेर आलं. मग दुसरं.

मी डोळा लावला. मला ती दिसली. कणभर धूसरपणा नव्हता मध्ये. पिलाने चोच उघडली तीसुद्धा दिसली.

शेजारी झ्यूंऽऽ झालं, आणि उलट झ्यूंऽऽ झालं. "कॅमेरा झोपला!" तो कुजबुजला. "अरे, आत्ता कुठे झोपतोस? ऊठ ना, ऊठ..."

खटॅक.

टिबुकली पिलांसकट पाण्याखाली गेली. पिलं मात्र पाठीवरून निसटून बुचासारखी वर आली, आणि गोंधळून इकडेतिकडे बघू लागली. मग आईही वर आली. मी पुन्हा दाबलं नाही. एक पुरे होता.

पडद्यावर फोटो बघितला. भरपूर पाणी, आणि मधोमध ती तिघं, नखाएवढी. पण होती.

"तुमचा मात्र हुकला," मी म्हटलं. खरंच वाईट वाटलं. "तुम्हीही इतके दिवस त्याच्यासाठीच येत होता."

तो कान खाजवायला लागला.

"काय?"

"हुकला नाही... माझ्याकडे आहे तो. पहिल्याच आठवड्यात मिळाला."

"पहिल्या— आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, मग आता रोज कशाला येता?"

मी लेन्सची टोपी शोधायला बॅगेत डोकं घातलं.

"वाळू फार आहे त्याच्यावर," तो घाईने म्हणाला. "अगदी वाईट आहे फोटो."

"तुमच्यासारखा वैताग माणूस मी बघितला नाही."

"रोज बघता की," तो म्हणाला, आणि दोन्ही कपांत चहा ओतला.

रविवारी दुर्बीणकाकांनी फोटो चौकटीत बसवला. पाठीमागे हात बांधून बराच वेळ बघत राहिले. मग खिशातून पेन काढलं आणि पुठ्ठ्याची चिठ्ठी हातात घेतली.

"नाव बाबांचंच लिहायचं ना? तू म्हणाली होतीस."

मी बाबांच्या फोटोंच्या रांगेकडे बघितलं. बदकं, बगळे, एक पाणकोंबडी. सगळे जरासे अंदाजाने काढलेले, आणि सगळे त्यांचे.

"नाही काका. याच्याखाली माझं लिहा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. ठसठशीत अक्षरात लिहिलं. मुद्रितशोधकाच्या सवयीने मी तेवढ्यातही वेलांट्या तपासल्या. बरोबर होत्या.

तो उशिरा आला, गळ्यात कॅमेरा अडकवूनच. आईने त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि माझ्याकडे वळून मोठ्याने विचारलं, "हाच का तो मूर्ख?"

"हो मावशी, मीच," तो नम्रपणे म्हणाला.

मी त्याला बाहीला धरून दाराकडे नेलं.

"टिबुकली तर झाली," त्याने सावकाश सुरुवात केली. "मग उद्यापासून...?"

"उद्या मी कामावर आहे."

"हां... बरोबर."

"सहाला सुटते. छापखान्याच्या फाटकाशी या. आणि कॅमेरा आणू नका."

"का? तिकडे एक छान—"

"मी माझा आणणार आहे. धरायला दोघांपैकी एकाचा तरी हात मोकळा नको का?"

त्याला कळायला जरा वेळ लागला. मग त्याने भर गर्दीत, काकांना धक्का देत, गळ्यातला पट्टा तिथल्या तिथे काढला.