विदूषक माशांची पाचवी

अंडी का फुटत नव्हती, तेच मला कळत नव्हतं.

दहावा दिवस होता. फरशीच्या तुकड्याला चिकटलेली सुमारे तीनशे अंडी आणि प्रत्येकात चंदेरी डोळ्यांची जोडी. डोळे माझ्याकडे बघत होते, पण बाहेर कुणी येत नव्हतं. याआधी दोनदा असंच झालं. पिल्लं आतच मेली आणि बापाने ती खाऊन टाकली. तिसऱ्यांदाही तेच झालं तर क्लाउनफिशची (नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या विदूषक माशांची) ही जोडी किनाऱ्यावर परत जाणार होती. आईने तसं स्पष्ट सांगितलं होतं.

आम्ही मालवणपासून लांब, समुद्रतळावरच्या केंद्रात राहतो. इथे अकरा मोठी माणसं आणि मी. आई-बाबा सकाळी पाणबुडीतून कामाला जातात ते जेवायलाच परत येतात. शाळा पडद्यावर. मासे गेले तर मी बोलू कुणाशी? बाबल्याशी? बाबल्या म्हणजे आमचा यंत्रमानव. त्याला मालवणच्या इंजिनिअरने बोलायला शिकवलंय, म्हणून तो कायम टोमणे मारतो.

"पाणी सत्तावीस अंश, ठीक. मीठ ठीक," तो काचेला डोळा लावून म्हणाला. "बाप परांनी वारा घालतोय, म्हणजे अंड्यांना प्राणवायू मिळतोय. मग अडलं कुठे? शाल्मली, मी चार्जिंगला गेल्यावर तू काय करतेस?"

"काही नाही. टाकीपाशी दिवा लावून ठेवते."

"रात्रभर?"

"मग! आत्याच्या बाळाच्या पाचवीला सगळे दिवा लावून जागले होते. सटवाई नशीब लिहायला येते ना! आणि एवढ्याशा बाळांना अंधारात एकटं ठेवायचं?"

"अगो बाय माझे!" बाबल्याने कपाळावर हात मारला. टणकन आवाज आला. "माणसाचं बाळ आईच्या कुशीत असतं. या लार्व्याला (अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला) कूस कुठली? उजेडात बाहेर पडला, तर मोठे मासे त्याला बघून गट्टम करणार. म्हणून तो आत थांबतो. अंधार पडला की तास-दोन तासांत अंडं फोडून निसटतो. तुझ्या दिव्यामुळे त्यांची रात्रच झाली नाही."

मला रडूच कोसळलं. आधीची पिल्लं माझ्या मायेनेच मेली होती.

"रडून अंधार पडत नाही," बाबल्या म्हणाला, पण हळूच.

आम्ही खोलीतले सगळे दिवे घालवले आणि टाकीवर माझी गोधडी टाकली. मला अंधाराची भीती वाटते. बाबल्याचा गार हात धरून मी बसून राहिले. दीड तासाने त्याने गोधडीचा एक कोपरा उचलला आणि तिथे बारीक बॅटरी धरली. बाहेर आलेले लार्वे उजेडाकडे ओढले जातात. बघता बघता ठिपक्यांची झुंबड उडाली! मगाने अलगद उचलून आम्ही त्यांना वेगळ्या टाकीत सोडलं.

"आई-बापाजवळच राहू दे ना."

"तेच खातील. ती आपली आहेत हे त्यांना ओळखता येत नाही."

मला फार वाईट वाटलं. मग मीच त्यांना दिवसातून चारदा रोटिफर (पाण्यात तरंगणारा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव) खायला घालू लागले. तरी रोज काही मरत होती. जन्मल्यापासून बाराव्या दिवशी एकेचाळीस उरली. त्यांच्या अंगावर पहिला पांढरा पट्टा उमटला तेव्हा मी एकटीच नाचले.

दोन महिन्यांनी पडद्यावरच्या शाळेत माझ्या वर्गातल्या झुबेरने विचारलं, "मला एक पिल्लू देशील? आमच्या केंद्रात मीच एकटा मुलगा आहे." त्याचं केंद्र विजयदुर्गासमोर आहे.

"एक नाही देणार. दोन घे. त्यांतला दांडगा असेल तो पुढे मादी होतो, दुसरा नर. जोडी आपोआप जमते. आणि रोज संध्याकाळी फोन करून सांगायचं, दोघं जेवली का."

"माशांचे एवढे लाड?" बाबल्याने विचारलं.

"मासे जेवतील त्यांचे ते," मी म्हटलं. "फोन मला हवाय."

पिल्लं पोचली त्या संध्याकाळी झुबेरचा फोन आला. माशांचं बोलणं दोन मिनिटांत संपलं. आईने जेवायला हाक मारली, तरी आम्ही बोलतच होतो.