उसन्या पंपाची भेंडी

पौर्णिमाच्या वजनकाट्याने ऐन गिऱ्हाइकीत मान टाकली, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

कल्याणच्या एका सोसायटीत रविवारी सकाळी जैविक भाजीची टेबलं लागायची. शहापूर तालुक्यात खर्डीजवळच्या आपल्या शेतातली भेंडी घेऊन ती पहिल्यांदाच तिथे आली होती. समोर बायका पिशव्या धरून उभ्या, आणि काटा काही चालू होईना.

"इकडं घाला तुमची भेंडी," शेजारच्या टेबलावरून आवाज आला. "माझा काटा रिकामाच आहे."

तो रत्नदीप. मुरबाडकडचा, काकडी आणि हातसडीचा तांदूळ विकायचा. मग सकाळभर तिची भेंडी त्याच्या काट्यावर चढत-उतरत राहिली. एका आजींनी तर जाता जाता सांगून टाकलं, "पैसे तुझ्या मिस्टरांकडे दिलेत हं." पौर्णिमा कानापर्यंत लाल झाली. त्याने पैसे मुकाट तिच्यापुढे सरकवले आणि नीट लावलेल्या काकड्या परत लावायला घेतल्या.

"हाताला काय झालं?" निघताना त्याने विचारलं.

"भेंडीची खाज. तोडताना मोजे घालते, तरी लागतेच."

"मग इथं पण मोजे घालून येत जा... माझं सारखं तिकडंच लक्ष जातंय."

त्यानंतरचे रविवार असेच गेले — थोडी भाजी, बरीच थट्टा. 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

मग गटाची दरवर्षीची पाहणी आली. या जैविक गटात शेतकरीच शेतकऱ्याचं शेत तपासतो. मुरबाडवाले शहापूरला येतात, शहापूरवाले मुरबाडला जातात. पाहणीत शेत खरं उतरलं तर दाखला, आणि दाखला असेल तरच कल्याणचं टेबल. पौर्णिमाच्या शेतासाठी नाव निघालं रत्नदीपचं. तिला आधी हसूच आलं.

पाहणीच्या सकाळी मात्र हसू पार पळालं. बांधाकडच्या दोन ओळींची नवी पानं चिंचोळी, वेडीवाकडी आली होती, कोंबडीच्या पायासारखी. असं कशाने होतं ते तिला ठाऊक होतं.

"बाबा, दशपर्णी कुठल्या पंपानं मारलीत?"

दशपर्णी म्हणजे दहा प्रकारच्या पाल्यांचा घरचाच अर्क. त्यात वाईट काही नाही. पण सोमाबाबा डोकं खाजवत म्हणाले, "आपल्या पंपाचा वायसर गेला ना गो. काळूरामचा आणला. धुतला की मी दोन पाण्यानं."

शेजारच्या काळूरामकाकांनी त्याच पंपाने आपल्या बांधावर तणनाशक मारलं होतं. तणनाशकाचा नुसता वासही भेंडीला सोसत नाही.

"दोन ओळींचं काय एवढं," आई हळूच म्हणाली. "उपटून टाक. कोण विचारतंय?"

पौर्णिमा ओळींपाशी जाऊन वाकली. दाखला गेला तर भेंडी पुन्हा व्यापाऱ्याच्या दारात, त्याच्या भावाने. पण खरी भीती वेगळीच होती. रत्नदीपने दाखला नाकारला तर? आणि तिच्यासाठी डोळेझाक केली तर? दुसरी भीती पहिलीपेक्षा मोठी होती. तरीही तिने एक रोप उपटलं, आणि तेवढ्यात बांधावर मोटरसायकल थांबली.

"जय भीम, बाबा," म्हणत रत्नदीप थेट तिच्याकडेच आला. "लवकर आलो. झोपच नाय लागली. परीक्षा तुझी, धाकधूक मला."

तिने रोप पाठीमागे लपवलं. पण ओळ तर समोरच उभी होती. तो खाली वाकला, एक पान बोटात धरलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"व्हायरस असंल," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "असतो असा कधीकधी... हो ना?"

नुसती मान हलवायची होती. आई अंगणातून बघत होती, बाबा बघत होते. हो म्हटलं तर दाखला वाचेल, पण मग जन्मभर हा माणूस माझ्याकडे बघेल तेव्हा त्याला ही वाकडी पानंच दिसतील, तिला वाटलं.

"व्हायरस नाय," ती म्हणाली. "पंप काळूरामकाकांचा होता... तणनाशकाचा."

त्याने पान सोडलं आणि सरळ तिच्याकडे बघितलं. "तू हो म्हणाली असतीस ना, तर मी लिहिलं असतं. आणि परत तुला तोंड दाखवलं नसतं."

"आता भेंडी दाखल्यातून जाणार?"

"या वर्षी तरी. रागावलीस?"

"माहीत नाय. आत्ता जा तू."

तो चहा न घेता गेला. मग ना फोन, ना मेसेज. रविवारी कल्याणलाही ती गेली नाही. भेंडी व्यापाऱ्याने नेली. दिवसभर ती मोबाइल उलटा-सुलटा करत बसायची. आपण खरं बोलून त्यालाच गमावलं, असं तिच्या मनाने घेतलं.

गटाची बैठक किन्हवलीला भरली. रत्नदीप उभा राहिला आणि तिची ओळखच नसल्यासारखं बोलला. भेंडी दाखल्यातून बाद. वाल आणि मिरची ठीक. पौर्णिमा चपलांकडे बघत राहिली.

"पुढच्या पाहणीला खर्डीला सोमाकडं रत्नदीपलाच धाडू," गटप्रमुख राघोदादा नाव लिहीत म्हणाले. "पोरगा कुणाची भीड ठेवत नाय."

"माझं नको, दादा."

"का रे?"

"नात्यातल्या माणसानं नात्यातलं शेत बघायचं नाय. आपलाच नियम आहे."

राघोदादांनी चष्मा कपाळावर चढवला. "तुझं नि सोमाचं नातं कधी झालं?"

"झालं नाय अजून..." रत्नदीप अडखळला. "तिला विचारायचंय. रोज मेसेज लिहितो नि पुसतो."

सगळ्या माना पौर्णिमाकडे वळल्या. बाबांचा तंबाखू मळणारा हात थांबला. रत्नदीप जमिनीकडे बघत उभा होता, निकाल ऐकायला उभा असल्यासारखा.

"राघोदादा," ती म्हणाली. "खोडा त्याचं नाव."