तिला तू, मला तुम्ही

तो दुकानात शिरला आणि त्यानं मला सरळ डोळा मारला.

भर दुपारी, बाबा गल्ल्यावर बसलेले असताना! मी हातातली फ्रेम खाली ठेवली आणि आमच्या चष्म्याच्या दुकानात आजवर कुणाचा झाला नसेल असा पाणउतारा करायला तोंड उघडलं... तर हा तो डोळा मिटलेलाच ठेवून, मान तिरकी करून माझ्याकडे बघत उभा.

"अगं, रागावू नकोस," तो म्हणाला. "दोन्ही डोळे उघडले की तू दोन दिसतेस. कुठलीशी बोलायचं तेच कळत नाही."

"मग कुठली बरी वाटली?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"डावी. उजवी जरा रागीट आहे."

बाबा मोठ्यानं खाकरले. तो त्यांच्याकडे वळला. "काय रे, घसा बसलाय का तुझा?"

माझ्या बाबांना आईसुद्धा 'अहो' म्हणते. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तेवढ्यात मागून त्याची ताई धावत आली, डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली आणि आधी बाबांची माफी मागितली. मग तिनं हळू आवाजात सांगितलं. स्कूटर घसरली, डोक्याला जबर मार बसला, कितीतरी दिवस शुद्ध नव्हती. आता चालतो, बोलतो, पण एकाचे दोन दिसतात, गोंगाट सहन होत नाही, दुपारपर्यंत पार गळून जातो.

"आणि डोक्यातला ब्रेकच गेलाय हो," ताई म्हणाली. "मनात आलं की तोंडात आलंच. 'तुम्ही' म्हणणं तर विसरलाच आहे. मोठ्या डॉक्टरांनाही अरे-तुरे करतो. आधी हॉटेलच्या काउंटरवर होता... कुत्र्यालासुद्धा 'अहो, जरा बाजूला' म्हणायचा!"

मी त्याच्या चष्म्याच्या एका काचेवर पारदर्शक पट्टी चिकटवली. ती पट्टी नजर थोडी वळवते आणि दोन चित्रं एकमेकांवर बसतात. चष्मा त्याच्या नाकावर ठेवला, दांड्या कानामागे नीट केल्या. उजव्या कानाच्या वर लांबलचक व्रण होता, त्यावर केस नुकते उगवत होते. त्यानं दोन्ही डोळे उघडले... आणि बघतच राहिला.

"एकच आहेस की गं तू," तो म्हणाला. "पुरे आहे."

त्या रात्री मला झोप लागली नाही, हे काय वेगळं सांगायला हवं?

डोळे सुधारतील तशी पट्टी बदलावी लागते, म्हणून तो येत राहिला. आला की "काय गं चष्मेवाली" म्हणायचा, आणि माझा अख्खा दिवस चांगला जायचा. बाबासुद्धा हळूहळू निवळले. "पोरगा मोकळा आहे," म्हणायला लागले.

आणि एके दिवशी तो आला, काउंटरसमोर थांबला, श्वास घेतला आणि म्हणाला, "तुम्ही... कशा आहात?"

मी मागे वळून बघितलं. मागे कुणीच नव्हतं.

त्या दिवसापासून मी 'तुम्ही' झाले. पट्टी बसवून दिली की "आभारी आहे... तुमचा." दार लावताना "येतो... मी." जणू मी त्याची मुख्याध्यापिका! मी मनाची समजूत घातली, चला, सुधारतोय बिचारा. पण पुढच्या वेळी तो ताईबरोबर आला नाही. एका मुलीच्या कोपराला धरून आला. त्याला तोल सांभाळून चालायला शिकवणारी फिजिओ. उंच, हसरी, आणि डोळे इतके चांगले की चष्मासुद्धा नव्हता. माझ्या लेखी हाही गुन्हाच होता.

"अगं ए वेडाबाई, हळू चाल ना," तो तिला म्हणत होता. "पाडशील मला!"

"पाडलं तर उचलीनही!" ती हसली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हातातला इवलासा स्क्रू खाली पडला तो पडलाच. मग मला नादच लागला. तो कुणाला काय म्हणतो, ते ऐकत बसायचा. चौकातल्या पोलिसाला तू. शेजारच्या औषधवाल्याला तू. माझ्या बाबांना "अरे". त्या फिजिओला तर अगं, वेडे, शहाणे, काय काय! भरल्या जगात 'तुम्ही' एकटी मी. ती जितकी गोड हसायची, तितकी मी जळायचे. एकदा तिनं मला विचारलं, "माझ्या चेहऱ्याला कुठली फ्रेम शोभेल हो?" मी दुकानातली सगळ्यात रुंद फ्रेम काढून दिली. मेली, तिच्यावर तीही शोभली.

मग एक दिवस डॉक्टरांची नवी चिठ्ठी आली. पट्टी काढून टाका, आता साधा चष्मा पुरे. म्हणजे त्याचं आमच्याकडचं काम संपलं. फिजिओ बाहेर फोनवर बोलत होती, बाबा बँकेत गेले होते. मी पट्टी सोलून काढली, काच पुसली, चष्मा त्याच्यापुढे सरकवला. आज तो मी नाकावर ठेवला नाही.

"झालं. आता यायची गरज नाही."

"तुम्हाला... त्याचं... बरं वाटतंय?"

"तुम्हाला, तुम्हाला काय लावलंय?" माझा आवाज चढला. त्याचा हात कानाकडे गेला, तशी मी आवाज खाली आणला. राग मात्र आणला नाही. "तिला अगं, बाबांना अरे, पोलिसाला तू. मीच तेवढी परकी? पहिल्या दिवशी मीही तू होते. नोकरीसाठी सराव चाललाय का माझ्यावर?"

"हॉटेल सोडलं. तिथला गोंगाट झेपत नाही." हे पटकन आलं. मग तो थांबला. त्याच्या कपाळावर घाम होता. "अपघातापासून... सगळं आपोआप निघतं. हसू निघतं, राग निघतो, तू निघतं. मी बोलतो की नुसतं डोकं बोलतं, मलाच कळत नाही. तिला अगं म्हणतो ते... मी म्हणत नाही. ते निघतं."

मी काच पुसायचं फडकं खाली ठेवलं.

"तुमच्याशी बोलताना मी थांबतो. शोधतो. मग म्हणतो. ते एवढंच... माझं असतं. घरी जाऊन आडवा होतो. ताई विचारते, डोंगर चढून आलास का?" त्यानं पुन्हा श्वास घेतला. "मला तुम्ही आवडता. हे तर पहिल्याच दिवशी निघालं असतं, फटकन. म्हणून आवरून धरलं. आपोआप नव्हतं म्हणायचं... तुम्हाला."

फिजिओनं दारातून डोकं आत घातलं. "निघायचं का?"

"अगं, थांब ना जरा!" तो तिच्यावर खेकसला.

ते 'अगं' मला या वेळी अजिबात टोचलं नाही. उलट, बिचारीची दया आली.

त्यानं काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली होती. एवढी वाक्यं त्यानं बहुधा महिन्याभरात कुणाला जुळवून सांगितली नसतील. मी स्टूल ओढलं. गिऱ्हाइकाला एकेरीत बोलायचं नाही, हा बाबांचा नियम मी आजवर एकदाही मोडला नव्हता. पण समोर होता तो आता गिऱ्हाईक थोडाच राहिला होता?

"अरे, बस ना," मी म्हटलं. "किती दमलास."