एवारिस्तोचा डावा बूट

क्रूसेस गावात त्या जुन्या गाडीला सगळे 'गोर्दा' म्हणत, म्हणजे जाडी. ओस्मानीच्या वडिलांनी, एवारिस्तोंनी, तिच्यातून जन्मभर उतारू वाहिले आणि दोन वर्षांपूर्वी डोळे मिटले. गोर्दा अजून धावत होती. फक्त गिअरपेटीचं मागचं सील गेलं होतं आणि खाली अंथरलेला पुठ्ठा रोज तेलाने भिजत होता.

एरवी ओस्मानीने तेल ओतत दिवस काढले असते. पण उद्या सकाळी बायकोला, मायेलीनला, सांता क्लाराच्या इस्पितळात न्यायचं होतं. पोटातल्या बाळाचे ठोके नीट लागत नाहीत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्या दोघांची दोन बाळं आधीच हातची गेली होती. वाटेत गाडी बसली तर हेही जाईल, ही ओस्मानीला धास्ती होती.

रबरी सील साऱ्या देशात औषधालाही मिळत नव्हतं. अशा वेळी तिथे कातड्याचं कापून बसवतात. ओस्मानीने माळ्यावरून बापाचा डावा बूट खाली काढला. एवारिस्तो तोंडात चिरूट धरून उजवा पाय ओढत चालायचे, त्यामुळे डाव्याचंच कातडं शाबूत होतं. ठक... सर्रर... ठक... अंगणात तो आवाज आला की लहानपणी ओस्मानीची बोलती बंद व्हायची.

"त्यांना विचारलंस का?" आई, एनेइदा, म्हणाली. फळीवर मेलेल्यांसाठी ती पाण्याचा पेला भरून ठेवायची. "पेल्यासमोर उभा राहा आणि माग. न विचारता घेतलं की तेही काहीतरी घेतात."

"जिवंतपणी पान्याला हात लावू दिला नाही म्हाताऱ्याने. आता बूट देतोय होय! अंधार पडायच्या आत उरकू दे मला."

त्याने बुटातून गोल चकती कापली, मधे भोक पाडलं, कोमट डुकराच्या चरबीत मुरवली आणि गाडीखाली सरकला. तेवढ्यात गावाची वीज गेली.

"आई, कंदील धर गं."

कंदील आला. नेमका हवा तिथे, खाली टेकला. ओस्मानी लाकडाच्या ठोकळ्याने सील हळूहळू आत बसवू लागला. चरबीच्या वासात चिरूटाचा वास मिसळला होता.

"जरा डावीकडे."

उजेड डावीकडे सरकला. सील बसलं. त्याने समाधानाने मान वळवली आणि तो गारठला. कंदिलाशेजारी एकच बूट उभा होता. डावा. त्याला गोल भोक होतं आणि भोकाच्या आत काहीच नव्हतं.

"आई...?"

"काय रे?" आवाज स्वयंपाकघरातून आला. "कंदील तू नेलास का? मला सापडत नाही..."

ठक... सर्रर... आवाज घरात निघाला होता. मायेलीन झोपली होती त्या खोलीकडे.

ओस्मानी धडपडत धावला. मायेलीन शांत झोपली होती. फळीवरचा पेला मात्र कोरडा ठणठणीत होता. त्याने तो भरला आणि गुडघे टेकले. "बाबा, चुकलं माझं... बाळाला हात लावू नका..." सील उचकटून परत द्यावं, असं शंभरदा मनात आलं. पण मग उद्या जायचं कसं? त्याने ते तसंच राहू दिलं.

सकाळी गोर्दा सांता क्लारापर्यंत विनातक्रार गेली. तेलाचा थेंब गळला नाही.

इस्पितळात नर्सने मायेलीनच्या पोटावर लाकडी नळी टेकवली. बराच वेळ ऐकत राहिली. कपाळाला आठी पडली.

"आहेत... चांगले जोरात आहेत. पण असे मी कधी... तुम्हीच ऐका बरं."

ओस्मानीने नळीला कान लावला.

"येतंय ना रे ऐकू?" मायेलीनचे डोळे आनंदाने भरून आले होते. "सांग की, कसं वाटतंय?"

ठक... सर्रर... ठक...